घोयरा वाट चुकलेला नव्हता

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या कोल्हापूरच्या पानावर 'दुर्मिळ रंगबदलू सरड्याला जीवदान' अशी तीन कॉलमी बातमी आली होती, सोबत दोन फोटो. मी शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर आहे, प्राणीशास्त्राशी माझा संबंध बारावीत सुटला, पण घोयऱ्याशी जुना संबंध आहे आणि तो काही फार चांगला नाही, म्हणून राहवलं नाही. पत्र लांबणार आहे. जागा नसेल तर कापा, फक्त माझं लहानपणीचं कापू नका, बाकी कुठलंही कापा.

आधी फोटोचं बोलतो. मोठा फोटो घोयऱ्याचाच आहे, म्हणजे ज्याला आपण शॅमेलिऑन म्हणतो तो. शेजारी जो छोटा चौकोन टाकलाय 'काही वेळातच रंग बदलल्यावर', त्यातला लालभडक मानेचा प्राणी वेगळाच आहे ओ. तो आपल्या बागेतला साधा सरडा, कुंपणावर बसून जोर काढतो तो. विणीच्या दिवसांत नराचं डोकं आणि गळा लाल होतो, त्यामुळं खेड्यात त्याला रक्त पिणारा म्हणतात, पितबित काही नाही. दोघांत फरक करायला काही शिकावं लागत नाही. घोयरा दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा, उभ्या पानासारखा. डोक्यावर मागं निमुळती टोपी. डोळे शंकूसारखे बाहेर आलेले, मधोमध बारीक भोक, आणि एक डोळा तुमच्याकडं तर दुसरा मागच्या फांदीकडं. पायाची बोटं दोन आणि तीन अशी चिकटून चिमटा झालेला. शेपूट जिलबीसारखं गुंडाळलेलं, ते पालीसारखं तुटत नाही. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे त्याला पळता येत नाही. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण त्या दुसऱ्याची. घोयऱ्याला कुंपणापर्यंत पोचायचं तर त्याची दुपार जाते.

तसं बघितलं तर सरड्यांच्या बाबतीत आपला भाग श्रीमंत आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेले सरडे आहेत, २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्यांचा नवा गट केला आणि त्याला जगभर चालणारं नाव दिलं 'सरडा', आपला मराठी शब्द. एवढं असून आपण छापताना दोन वेगळ्या जनावरांना एक करून टाकतो.

पण फोटोची चूक मी सोडून दिली असती. बातमीतलं एक वाक्य डोक्यातून जाईना. 'वाट चुकून मनुष्यवस्तीत आलेल्या या सरड्याला दोन दिवस निरीक्षणाखाली ठेवून दाजीपूरच्या जंगलात सोडण्यात आले.' तुमचाच मोठा फोटो परत काढून बघा. पोटाच्या दोन्ही बाजूला कातडीखाली गोट्या भरल्यासारखे उंचवटे दिसतायत का? ती मादी आहे आणि पोटात अंडी आहेत. वाट चुकली नव्हती ती. ती बरोबर वाटेवर होती, वाटेत आपण आलो.

घोयऱ्याचं सगळं आयुष्य झाडा-झुडपांवर जातं. खाणं, झोपणं, भांडणं सगळं फांदीवर. पण अंडी मात्र जमिनीत घालावी लागतात, म्हणून मादी खाली उतरते आणि मऊ, ओलसर, ऊन लागेल अशी माती शोधत चालत सुटते. पावसाळा सरल्यावर, साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास रस्त्यावर, बांधावर, शाळेच्या मैदानावर जे घोयरे दिसतात त्यात अशा माद्या बऱ्याच असतात. आपल्याला वाटतं बिचारं भरकटलं.

आता माझं सांगतो. १९९४ साल, मी नववीत, आमचं गाव पन्हाळा तालुक्यात. दिवाळीच्या सुट्टीत भुईमुगाच्या रानाच्या कडेला मला एक घोयरा सापडला. हातात घेतला तर फुगला, तोंड वासून फुस्स केलं आणि हिरव्याचा काळपट झाला. मी जाम खूश. घरी आईचं दूध-दह्याचं जाळीचं कपाट होतं, खालचा एक पाय मोडलेला म्हणून पडवीत टाकलेलं, त्यात करंजाची फांदी खोचली आणि घोयरा ठेवला. आई म्हणाली, "मी नाही बाई त्याला हात लावणार, मी चाललो आत." वडील शिक्षक, ते काही बोलले नाहीत, नुसतं म्हणाले खायला काय घालणार आहेस ते आधी ठरव.

खायला नाकतोडे. गवतातून दहा मिनिटात डबीभर मिळायचे. एक नाकतोडा जाळीवर सोडला की आधी एक डोळा वळायचा, मग दुसरा, दोन्ही डोळे एका जागी आले की समजायचं आता होणार. तोंड थोडं उघडायचं, जिभेचं गुलाबी टोक ओठाशी यायचं, आणि त्यापुढचं मला एकदाही नीट दिसलं नाही, फक्त टप् असा आवाज आणि नाकतोडा तोंडात. जीभ अंगाच्या दीडपट-दुप्पट लांब जाते म्हणतात, शेपूट सोडून. गल्लीतली सगळी पोरं बघायला यायची, मी चार-चार आण्याच्या गोळ्या फी घ्यायचो.

पाण्याची वाटी ठेवली होती, त्याला तोंड लावेना. तीन दिवस झाले. मग आईनं तुळशीला पाणी घालता घालता तांब्यातलं चार थेंब जाळीवर शिंपडलं, तर पठ्ठ्या पानावरचे थेंब चाटायला लागला, डोळे मिटून, पाच मिनिटं. त्याला साठलेलं पाणी पाणी म्हणून कळतच नाही, दव आणि पावसाचे थेंबच कळतात, हे मला वीस वर्षांनी वाचून कळलं. आईला त्या दिवशी कळलं होतं.

साधारण सहाव्या दिवशी तो फांदीवरून खाली उतरला आणि कपाटाच्या तळाशी फिरायला लागला. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. पुढच्या पायांनी फळी खरवडायचा. रात्री झोपताना मला आवाज यायचा, खर्र, खर्र. मला वाटलं भूक लागली, म्हणून मी नाकतोडे वाढवले. त्यानं खाणं बंद केलं होतं. डोळे आत गेले, दिवसासुद्धा मिटलेले राहायला लागले. मी फांदी बदलली, कपाट उन्हात ठेवलं, परत सावलीत ठेवलं. दहाव्या का अकराव्या दिवशी सकाळी तळाला आडवा पडला होता, रंग मातकट पिवळा, पुढचे दोन्ही पाय फळीच्या फटीत.

शाळेत आमचे विज्ञानाचे सर होते, त्यांनी सुट्टी असून प्रयोगशाळा उघडून पोट फाडून दाखवलं. आत अंडीच अंडी. पांढरी, लांबट, भिजवलेल्या शेंगदाण्याएवढी, माळेसारखी लागून. सरांनी मला मोजायला लावली. सव्वीस. सर म्हणाले, "तिला मूठभर माती पाहिजे होती रे." बास, एवढंच म्हणाले. कपाटाला तळ फळीचा होता आणि बाहेर पडवीच्या पायरीखाली एकरभर माती होती.

म्हणून तुमच्या बातमीतलं 'दोन दिवस निरीक्षणाखाली' वाचलं आणि मला ती खर्र खर्र ऐकू आली. बरणीत ठेवलं होतं असं फोटोत दिसतंय, प्लास्टिकची, बिस्किटाची. ज्या पोरांनी उचलली त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी निदान दगड तरी घातला नाही, आमच्याकडं तोही घालतात. दाजीपूरला सोडणारेही चांगल्या मनानंच गेले असणार, ७०-८० किलोमीटर गाडी कोण घालवतं सरड्यासाठी. पण दाजीपूर म्हणजे काय सगळ्या जनावरांचं माहेर आहे का? गव्याचं असेल. तिथं धो धो पाऊस, दाट सदाहरित रान. ही मादी आपल्या माळाच्या, बांधाच्या, बोरी-बाभळीच्या झुडपातली. तिला ऊन लागणारी मोकळी माती पाहिजे होती, जिथं सापडली तिथून फार तर शंभर फुटावर मिळाली असती. तिकडं अनोळखी रानात, दोन दिवस उपाशी, पोटात अंडी अडलेली, तिचं पुढं काय झालं असेल ते मला विचारू नका.

आता दुसरी गोष्ट. त्याच बातमीच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की 'अलीकडे तरुणाईमध्ये असे सरडे पाळण्याची क्रेझ वाढत आहे'. हे वाचून आणखी चार जणांना सुचलं असेल. माझ्या पुतण्याला आधीच सुचलंय. कॉलेजला आहे, मोबाईलवर कुणीतरी त्याला येमेनचा व्हेल्ड शॅमेलिऑन दाखवला, डोक्यावर मोठा तुरा असलेला, जोडी घ्या, पिल्लं काढा, विका, सहा महिन्यात पैसे वसूल. किंमत ऐकून मला माझ्या मोटारसायकलचे हप्ते आठवले. त्याला मी नको म्हटलं नाही, नको म्हटलं की पोरं तेच करतात. त्याला म्हटलं बस, हिशोब मांडू.

जोडी म्हणजे दोन पिंजरे, एका पिंजऱ्यात नाही, कारण शॅमेलिऑनला दुसरा शॅमेलिऑन नुसता दिसला तरी ताण येतो. मीलनापुरतं एकत्र आणायचं, आणि मादी गाभण झाली की तीच अंग गडद करून नराला फुस्स करते, तेव्हा लगेच वेगळं करायचं. काचेची टाकी चालत नाही, जाळी पाहिजे, हवा खेळती पाहिजे. अल्ट्राव्हायोलेटची वेगळी ट्यूब, ती पेटत राहिली तरी किरण कमी होत जातात म्हणून ठराविक महिन्यांनी बदलायची, ते केलं नाही की कॅल्शियम अंगात मुरत नाही, हाडं रबरासारखी वाकतात. किड्यांना कॅल्शियमची पावडर लावून द्यायची. पाणी थेंबथेंब पडेल असं ड्रिप. किडे रोजचे जिवंत, म्हणजे घरात रातकिड्यांचं दुसरं पोल्ट्री फार्म.

आणि खरी गंमत पुढं. या येमेनवाल्या मादीला नर नसला तरी अंडी होतात. तिला भरपूर खायला घातलं आणि उबेत ठेवलं तर एका खेपेला साठ-सत्तर सुद्धा, त्यातच ती झिजून जाते, म्हणून जाणकार ब्रीडर मादीला मुद्दाम बेतानं खायला घालतात आणि जरा थंड ठेवतात. फूटभर ओल्या मातीची बादली पिंजऱ्यात नसली तर तिचं काय होतं ते मी आधी सांगितलंच. अंडी फलित असतील तर उबायला सहा ते नऊ महिने. इतके दिवस तापमान आणि ओल सांभाळायची, मग चाळीस पिल्लं निघाली की त्यांना फळमाश्यांसारखे बारीक किडे आणि लवकरच प्रत्येकाला वेगळी जागा. पुतण्या म्हणाला काका, सहा महिन्यात पैसे वसूल म्हणत होते ते. म्हटलं भावा, सहा महिन्यात अजून अंड्यातनं बाहेर आलेली नसणार.

मादागास्करला तर एक शॅमेलिऑन आहे, लाबॉर्डचा म्हणतात, तो आठ-नऊ महिने अंड्यात काढतो आणि बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यात म्हातारा होऊन मरतो. जगातल्या शॅमेलिऑनच्या दोनशेवर जाती, त्यातल्या जवळपास निम्म्या त्या एका बेटावर, आणि आपल्या अख्ख्या भारतात एकच, हा घोयरा. त्याला पकडणं, पाळणं, विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हौस म्हणून सुद्धा आणि निरीक्षण म्हणून सुद्धा. बाहेरच्या जातींना आधी मोकळं रान होतं, पण २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम आल्यापासून त्यांचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. हे विकणारा सांगत नाही. तुमच्या बातमीतही नव्हतं, दोन ओळीत बसलं असतं.

पुतण्याला बघायचाच होता तर म्हटलं चल, फुकट दाखवतो. घोयरा दिवसा शोधून सापडत नाही, पानात पान होऊन बसतो. रात्री सोपा. झोपला की अंग फिकट पडतं, पिवळसर पांढरं, आणि झोपतो फांदीच्या अगदी टोकाला, बारीक डहाळीवर, साप चढला तर डहाळी हलून जाग यावी म्हणून असेल. टॉर्च मारली की हिरव्या पानात वाळक्या पानासारखा उजळ दिसतो. आम्ही तीन रात्री फिरलो गावाकडच्या पाणंदीनं, दोन रात्री कुत्री मागं लागली, तिसऱ्या रात्री घाणेरीच्या झुडपावर एक मिळाला, शेपूट गुंडाळून, डोळे मिटून. पुतण्या म्हणाला लाईट बंद करूया, उठंल. त्या पोराला त्यानंतर मी पिंजऱ्याचं नाव काढताना ऐकलेलं नाही. इन्स्टावर फोटो मात्र टाकला, लोकेशन टाकू नको म्हटलं तर तेवढं ऐकलं.

रंगाचंही एक सांगून टाकतो, कारण निवडणूक आली की तुमच्याकडं हमखास सरड्याचं व्यंगचित्र येतं, या पक्षाच्या झेंड्यावर हा रंग, त्या पक्षाच्या झेंड्यावर तो. घोयरा मागचं बघून रंग धरत नाही. ऊन पाहिजे असेल तर गडद होतो, तापला तर फिका, चिडला तर पट्टे-ठिपके उठतात, मादीला नको असेल तर ती रंगातनं नको सांगते. २०१५ साली जिनिव्हातल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की कातडीतल्या पेशींत बारीक स्फटिकांची जाळी असते, ती ताणली-आवळली की परावर्तित होणारा उजेड बदलतो, म्हणजे रंग. थोडक्यात तो मनात आहे तेच अंगावर दाखवतो. आपल्या पुढाऱ्यांना ही उपमा देणं म्हणजे घोयऱ्याची बदनामी आहे.

यंदा दिवाळीच्या आधी फर्स्ट शिफ्ट सुटून गावाकडं चाललो होतो. पन्हाळ्याच्या अलीकडं रस्त्यावर ती दिसली, डांबराच्या मधोमध. एक पाय उचलायचा, पुढं-मागं झुलायचं, वाऱ्यात पान हलल्यासारखं, मग टेकायचा. मागनं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, गाणी लावलेली. मी गाडी आडवी लावली आणि हेल्मेट हातात घेऊन उभा राहिलो. ड्रायव्हरनं हॉर्न मारला, मग खाली उतरला, बघितलं, आणि त्यानं स्वतः मागच्या दोन मोटारी थांबवल्या. बांधावरून एक आबा ओरडले, "आरं हात नगं लावूस, थुकलं तर डोळं जात्यात!" म्हटलं आबा, विष नसतं ओ त्याला. "तुला काय म्हाईत? आमच्या बानं सांगिटलंय." मग मी हात लावलाच नाही, आबांसाठी नव्हे, गरजच नव्हती. दहा-बारा मिनिटं लागली. ती ज्या बाजूला चालली होती त्याच बाजूला उतरली. अगदीच गाडी अंगावर येत असेल तर काठीवर चढवून तिच्याच दिशेला पलीकडं ठेवायचं, परत फिरवायचं नाही, एवढंच काम असतं.

मी थांबलो. आबाही थांबले, मला काय होतंय का बघायला. बांधाच्या कडेला ती दोन ठिकाणी माती उकरून सोडून गेली, तिसऱ्या ठिकाणी डोकं खाली घालून खणायला लागली, पुढच्या पायांनी, माती मागं टाकत. अर्ध्या तासानं नुसतं शेपूट बाहेर. मग आतल्या आत फिरली, तोंड वर आलं, मातीनं माखलेलं, डोळे मिटलेले. तशीच बसून राहिली. अंधार पडला, आबा म्हणाले बाळंतीण हाय की रं ही, आणि टोपी काढून डोकं खाजवत बसले. मला सकाळी परत फर्स्ट शिफ्ट होती म्हणून निघालो. दुसऱ्या दिवशी येताना बघितलं तर खड्डा नव्हता, माती थापटून सारखी केलेली, वर वाळकं गवत.

तर मागणी एवढीच की हा खुलासा त्याच पानावर, जमलं तर तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा, दिवाळी झाली असली तरी अजून काही माद्या उतरत असतील. जखमी जनावर असेल तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे, तोही द्या. धडधाकट असेल तर फोन सुद्धा नको, नुसतं ट्रॅफिक थांबवा.

आबांना सांगून आलोय की ऊस गेल्यावर पाचट पेटवताना एवढा बांध सोडा. म्हणाले, "बघू की." फोटो पाहिजे असेल तर माझ्या मोबाईलमध्ये दुसऱ्या दिवशीचा एक आहे, पण त्यात घोयरा नाही, नुसती माती आहे.

आपला नेहमीचा वाचक,
एक फौंड्री कामगार, कोल्हापूर
(नाव छापू नये, साहेबांना वाटेल शिफ्टमध्ये पत्रं लिहितोय)